हँडिकॅप १४, कार्डावर १०३

वाचकाचा प्रश्न

फोंडा तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ४६, वेर्ण्याच्या एका कारखान्यात वरच्या हुद्द्यावर. चार वर्षांपूर्वी साहेबांच्या आग्रहाखातर गोल्फ सुरू केलं आणि त्यात अडकले. दर रविवारी पहाटे निघून काणकोण गाठतात आणि राजबागच्या कोर्सवर तेच नऊ होल दोनदा खेळतात. फोनमधल्या ॲपप्रमाणे त्यांचा हँडिकॅप १४ आहे, म्हणजे ‘पार’पेक्षा, कोर्सच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा, साधारण चौदा जास्त. आकडा जितका कमी तितका खेळ चांगला. पन्नाशीच्या आत ‘सिंगल डिजिट’ (दहाच्या आतल्या हँडिकॅपचं) व्हायचं आणि ‘मोठ्या हौशी स्पर्धा’ खेळायच्या, असा पण त्यांनी केला आहे. पण गोव्याबाहेर, पुण्यात आणि बेंगळुरूत, तीन स्पर्धा खेळले आणि तिन्ही वेळा फटक्यांनी शंभरी ओलांडली. शेवटच्या कार्डावर १०३. ते विचारतात : ‘परक्या माणसांसमोर माझे हात थरथरतात. आठ फुटांवरून बॉल होलमध्ये ढकलायचा पटसुद्धा हुकतो. मी ऐनवेळी कच खाणारा माणूस आहे का? दोन लाखांचा नवा सेट घेऊ, माइंड कोच गाठू, की स्पर्धांचा नाद सोडू?’ मुलीची दहावी आहे, रविवार घरी द्या, असं पत्नीचं म्हणणं. पेडण्याच्या मामांचा टोमणा वेगळाच : गोल्फ म्हणजे गोंयच्या जमिनी गिळणारा खेळ.

उत्तर

नमस्कार,

तुमच्या पत्रात एक वाक्य कंसात आहे. ‘रविवारी आमच्या चौकडीत थोडं इकडेतिकडे चालतं. बॉल माडाच्या मुळाशी गेला तर बुटाने सरकवतो, एखाद-दुसरा मलिगन घेतो (चुकलेला फटका न मोजता परत मारतो), दोन-तीन फुटांचा पट राहिला की उचलतो. सगळेच करतात.’ पुढे आणखी एका ठिकाणी ओझरतं लिहिलंय की फारच वाईट गेलेला राउंड तुम्ही ॲपमध्ये भरत नाही, कारण ‘त्या दिवशी मूड नव्हता’. बाकी सगळं पत्र हातांच्या थरथरीवर आहे. मी मात्र त्या कंसातच अडकून पडले.

तुम्ही असं धरून चाललाय की रविवारचे तुम्ही खरे आणि स्पर्धेतले बिघडलेले. १४ हा तुमचा खेळ, १०३ हा अपघात, आणि अपघात तीनदा झाला म्हणून दोष मनाचा. जरा उलटं धरून बघू या. समजा १०३ खरा आहे आणि घोळ १४ मध्ये आहे.

तुम्हाला हे ठाऊक असेल, पण सदर वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते. २०२० पासून जगभर हँडिकॅपची एकच पद्धत आहे, आपल्याकडे ती इंडियन गोल्फ युनियन चालवते. शेवटच्या २० राउंडमधले सगळ्यात चांगले ८ घ्यायचे आणि त्यांची सरासरी काढायची. पण नुसत्या स्कोअरची नव्हे. शून्य हँडिकॅपचा कसलेला खेळाडू त्या कोर्सवर किती फटक्यांत खेळेल, ते त्या कोर्सचं रेटिंग. आपल्या स्कोअरमधून आधी ते वजा होतं. तोच कोर्स तुमच्या-माझ्यासारख्याला किती जास्त छळतो, ते सांगणारा दुसरा आकडा म्हणजे स्लोप. तो ५५ ते १५५ मध्ये असतो आणि ११३ हा प्रमाण धरतात. या दोन्हींतून गेल्यावर जे उरतं, त्याची सरासरी.

वीसातले आठच घेतले म्हटल्यावर हँडिकॅप ही तुमची सरासरी नसतेच. ते तुमच्या बऱ्या दिवसाचं माप असतं. ज्याचा हँडिकॅप अगदी चोख आहे तोही चार-पाच राउंडांत एखाद्या वेळी त्या आकड्याला पोचतो. एरवी दोन-चार फटके वरच.

आता तुमचा हिशेब मांडू. पार ७२, रेटिंग ७१.५, स्लोप १३० असा एखादा बऱ्यापैकी अवघड कोर्स घ्या. १४ हँडिकॅपवाल्याला तिथे पारवर १६ फटके जास्तीचे मिळतात. म्हणजे बऱ्या दिवशी ८८, नेहमीच्या दिवशी ९१-९२, दिवस फिरला तर ९५-९६. तुम्ही १०३. एकदा झालं असतं तर मीही म्हटलं असतं की दडपण आलं असेल. तीनदा सलग तसं होण्याला दडपण एवढं एकच कारण पुरत नाही.

मग १४ आला कुठून? काही ॲप कोर्सचं रेटिंग मिळालं नाही की सरळ पार धरून मोकळी होतात. छोट्या कोर्सचं रेटिंग पारपेक्षा तीन-चार फटक्यांनी कमी असू शकतं. समजा पार ७२, रेटिंग ६८, आणि तुम्ही ८६ मारले. पार धरणारं ॲप म्हणेल १४. नियमाने, स्लोप ११३ धरूनही, ते १८ होतात. इथेच चार फटके गेले. दोन मलिगन म्हणजे आणखी दोन ते चार. उचललेल्या पटांपैकी एखाद-दुसरा हुकलाच असता. वाईट राउंड गाळले, म्हणजे चांगल्यातल्या चांगल्यांची सरासरी निघाली. काट्यावर उभं राहताना एक पाय जमिनीवर ठेवायचा आणि वजन उतरलं म्हणायचं, तसलाच हा प्रकार.

माझा अंदाज आहे की तुमचा खरा हँडिकॅप २१-२२ असेल. २२ धरून तोच हिशेब परत केला तर त्या अवघड कोर्सवर तुम्हाला २५ फटके मिळतात. बऱ्या दिवशी ९७, नेहमीच्या दिवशी शंभर-एकशेएक. परका कोर्स, परकी माणसं, आणि तुम्ही १०३. यात कच कुठे खाल्लीत? जेमतेम बेताचा दिवस होता, इतकंच.

आठ फुटांच्या पटाचंही तेच. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी अमेरिकेच्या व्यावसायिक टूरवरच्या लाखो फटक्यांचा हिशेब मांडला. आठ फुटांवरून तिथले खेळाडू निम्मेच पट घालतात. ज्यांची रोजीरोटी गोल्फवर चालते ते निम्मे चुकवतात आणि तुम्ही चुकवल्यावर माइंड कोच शोधता!

हात थरथरतच नाहीत असं मला म्हणायचं नाही. थरथरतात. पण का, ते बघा. रविवारी दोन फुटांचा पट तुम्ही कधी मारतच नाही, कारण मागून ‘दिला, दिला’ ऐकू येतं आणि तुम्ही वाकून बॉल उचलता. मग पुण्याच्या ग्रीनवर, होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, बॉल होलपासून दोन फुटांवर थांबतो, जरासा उतार, डावीकडे जरा कल. तुमचं कार्ड लिहिणारा माणूस हाताची घडी घालून उभा. कुणी काही बोलत नाही. तुम्ही ‘दिला’ची वाट बघता, आणि ते येत नाही. आठवड्यातला तुमचा हा पहिला दोन फुटांचा पट, तोही अनोळखी माणसासमोर. हात थरथरणार नाहीत तर काय होईल? याला मनाचा दुबळेपणा म्हणत नाहीत. सराव नाही, एवढंच.

‘दिला’ म्हणणं गुन्हा आहे असंही नाही. मॅच प्ले म्हणून जो प्रकार आहे, एकास एक, होलमागून होल जिंकायचे, त्यात प्रतिस्पर्ध्याला पट सोडायची नियमानेच मुभा आहे. १९६९ च्या रायडर कपमध्ये अमेरिकेच्या जॅक निकलसने ब्रिटनच्या टोनी जॅकलिनला अगदी शेवटच्या होलवर दोनेक फुटांचा पट सोडला आणि अख्खी स्पर्धा बरोबरीत सुटली. गोल्फवाले अजून त्याची आठवण काढतात. पण एकूण फटके मोजायच्या खेळात प्रत्येक बॉल होलमध्ये पडायलाच हवा. तुमच्या चौकडीने या दोन्ही खेळांची मिसळ केलीय. त्यात साहेब बरोबर असले की विचारायलाच नको. साहेबांचा चार फुटांचा पट दोन फुटांचा दिसणं ही नोकरीत तयार झालेली नजर असते.

माडाच्या मुळाशी गेलेल्या बॉलचं जरा सविस्तर बोलायला हवं, कारण तिथे खेळाचं मर्म आहे. बॉल दोन मुळांच्या बेचक्यात. कॅडी पुढे जाऊन दाखवतो, ‘पात्रांव, बॉल हांगा आसा.’ दाखवून झालं की तो मुकाट्याने झेंड्याकडे बघायला लागतो, कारण पुढे काय होणार ते त्याला माहीत असतं. बुटाचं टोक हळूच लागतं, बॉल वीतभर मोकळ्या गवतावर येतो. आता नियम काय म्हणतो बघा. बॉल खेळण्याजोगा नाही असं तुम्ही स्वतःच ठरवू शकता. एक फटका दंड घ्यायचा, होलच्या जवळ न जाता दोन क्लबच्या (काठ्यांच्या) लांबीत बॉल गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा आणि पुढे खेळायचं. म्हणजे बुटाच्या त्या धक्क्याची किंमत एक फटका. राउंडमध्ये असे तीन धक्के म्हणजे तीन फटके. पण खरं नुकसान निराळं आहे. माडांच्या बाजूला ड्राइव्ह, म्हणजे पहिला लांब फटका, मारणं महाग पडतं, हे तुम्हाला चार वर्षांत कळलंच नाही, कारण त्याचं बिल कधी आलंच नाही. पुण्यात ते व्याजासकट आलं.

पावसाळ्यापुरता एक अपवाद. कोर्स चिखलाने भरला की समिती स्थानिक नियम जाहीर करते आणि कापलेल्या गवतावरचा बॉल उचलून, पुसून, ठरलेल्या अंतरात ठेवू देते. तो नियम सगळ्यांना सारखा आणि आधी सांगितलेला असतो. त्यात गैर काही नाही.

आता तुमच्या ध्येयाकडे वळते. ‘सिंगल डिजिट’ हा आकडा तुमच्या मनात कुणी भरवला? पत्रावरून वाटतं, साहेबांचा एक मित्र ९ चा आहे आणि क्लबहाउसमध्ये त्याला निराळा मान मिळतो. अमेरिकेत अधिकृत हँडिकॅप बाळगणाऱ्या पुरुषांची सरासरी १४ च्या आसपास आहे, आणि ती सगळी नेमाने खेळणारी, कार्ड भरणारी माणसं. तुमचा १४ खरा असता तर तोच मिरवण्यासारखा होता. २२ वरून ९ वर यायला आठवड्याला एक रविवार, तोही त्याच नऊ होलवर, हे गणित मला जमत नाही. अशक्य कशालाच म्हणू नये. पण तुमच्या हाताशी असलेल्या वेळात चार वर्षांत १५-१६ झालात तर मी पेढे मागीन.

‘मोठ्या हौशी स्पर्धा’ या शब्दांतही दोन वेगळी जगं एकत्र झालीत. हौशी म्हणजे कच्चा असं मुळीच नाही. १९६५ चं इंडियन ओपन जिंकणारे पी. जी. सेठी हौशी खेळाडू होते, व्यावसायिकांना हरवून जिंकले. आजच्या राष्ट्रीय हौशी स्पर्धांत सतरा-अठरा वर्षांची पोरं येतात, शून्याच्याही खालच्या हँडिकॅपची, आणि तिथे फटके जसेच्या तसे मोजतात. ते जग तुमचं नाही, माझंही नाही. दुसरं जग क्लबांच्या आणि कंपन्यांच्या स्पर्धांचं. तिथे हँडिकॅप वजा करून निकाल लागतो, आणि तिथे २२ चा माणूस ९ च्या माणसाला रीतसर हरवू शकतो. म्हणूनच तर हँडिकॅप निघाला. खोट्या १४ वर खेळून तुम्ही दर स्पर्धेत सात-आठ फटके दान करून येता. रविवारच्या पैजेतही तेच चाललंय. ‘जेवणाचं बिल बहुधा माझ्याकडेच येतं’ असं लिहिलंत ना? त्यातलं निम्मं बिल त्या १४ चं आहे.

आकडा वर गेला तर लोक हसतील, ही भीती मला पत्रात ओळीओळीला दिसली. पहिले दोन रविवार हसतीलही. कुणी म्हणेल, बक्षीस लाटायला हँडिकॅप फुगवला. म्हणून कार्डं जपून ठेवा, दाखवायला बरी. चौकडीला उपदेश करू नका. ‘मी आजपासून सगळे पट घालणार, तुमचं चालू द्या’ एवढं सांगून खेळायला लागा. ज्यांना मनातून तसंच खेळायचं असतं ते आपोआप मागून येतात. साहेब आलेच तर उत्तम.

करायचं काय? पुढचे काही महिने एकच नियम : बॉल पडला तिथून मारायचा, हरवला तर दंड घेऊन आधीच्या जागेवरून मारायचा, शोधायला तीनच मिनिटं, पट सगळे घालायचे. कार्डावर स्कोअरशेजारी छोट्या खुणा करा. दंडाच्या फटक्याला फुली, तीन पट लागले तर त्रिकोण, ग्रीनजवळून चिप (छोटा उचलता फटका) मारून बॉल ग्रीनवर आलाच नाही तर गोल. पाच-सहा कार्डं झाली की पैसा कुठे गळतोय ते दिसेल. शंभरच्या आसपास खेळणाऱ्यांच्या कार्डात बहुतेक वेळा पार कमी पडत नाहीत, एका होलवर आठ आणि दुसरीकडे नऊ झालेले असतात. प्रत्येक होलवर पारपेक्षा एकच फटका जास्त घेतला तरी ९० होतात, हे कागदावर लिहून बॅगेला अडकवा. बोगी, म्हणजे पारपेक्षा एक जास्त, हा तुमचा खरा पार. चारशे यार्डांचा होल तीन शांत फटक्यांत ग्रीनवर यायचा आहे असं समजून खेळा, ड्रायव्हरची, म्हणजे सगळ्यात लांब मारणाऱ्या क्लबची, गरज निम्म्या वेळा उरणार नाही.

एकच कोर्स सतत खेळण्याचा तोटा असा की निर्णय घ्यायची सवय मोडते. तिसऱ्या होलवर पाच नंबरची आयर्न, चौथ्यावर ड्रायव्हर, पाय आपोआप चालतात. परक्या कोर्सवर प्रत्येक टीवर (होल जिथून सुरू होतो तिथे) विचार करावा लागतो आणि तिथे तुम्ही थकता. म्हणून दुसरी फेरी वेगळ्या टीवरून खेळा, एखाद्या रविवारी ड्रायव्हर गाडीतच ठेवा, अधूनमधून मोबोरच्या बारा होलच्या छोट्या कोर्सवर जा. तिथे आयर्न आणि चिपची परीक्षा होते. आणि स्पर्धा निवडताना स्टेबलफर्ड पद्धतीची आधी निवडा. फ्रँक स्टेबलफर्ड या इंग्रज डॉक्टरने ती आणली, १९३२ मध्ये तिची पहिली मोठी स्पर्धा झाली. त्यात प्रत्येक होलला गुण. हँडिकॅप धरून पार झाला तर दोन, एक फटका जास्त लागला तर एक, त्यापुढे शून्य. एखाद्या होलवर नऊ झाले तर बॉल उचला आणि पुढे चला. नुकसान त्या होलपुरतंच राहतं. अठरा होलना ३६ गुण म्हणजे तुम्ही हँडिकॅपइतकं खेळलात.

नवा सेट नको. त्या पैशांतला छोटा भाग एखाद्या चांगल्या प्रोकडून काही धडे घेण्यात घाला आणि आहे त्या क्लबची लांबी, कोन तुमच्या उंचीला जुळतात का तेवढं तपासून घ्या.

पत्नीच्या म्हणण्याबद्दल मी त्यांच्या बाजूने आहे, आणि सुदैवाने नियमही त्यांच्याच बाजूने आहे. हँडिकॅपसाठी नऊ होलचं कार्डही चालतं. अठरा खेळलेच पाहिजेत असं नाही. दहावीची परीक्षा होईपर्यंत एक रविवार सोडून एक जा, नऊच होल खेळा, जेवायला घरी या. उरलेल्या दिवसांत बैठकीच्या खोलीत जाजमावर रोज दहा मिनिटं तीन फुटांचे पट. मुलगी अभ्यासातून उठली की तिलाही चार मारू द्या. ती नक्की हसेल, आणि तुम्हाला कुणासमोर तरी पट मारायची सवय होईल.

मामांशी चतुर्थीच्या पंगतीत वाद घालू नका. पेडण्यातल्या तेरेखोलच्या गोल्फ प्रकल्पाला गावकऱ्यांनी विरोध केला, त्यामागे जमीन, पाणी आणि कुळांचे हक्क होते. त्यांचा राग तुमच्या रविवारच्या खेळावर नाही. ऐकून घ्या, आणि तुमच्या कोर्सला पाणी कुठून येतं ते एकदा चौकशी करून ठेवा. पुढच्या वेळी उत्तर तरी देता येईल.

राहिली तुम्ही पत्रात लिहिलेली जानेवारीतली पुण्याची स्पर्धा. फॉर्म भरा. ॲपचा आकडा तिथे बहुधा चालणार नाही, इंडियन गोल्फ युनियनशी संलग्न क्लबातून मिळालेला हँडिकॅप मागतील. तो मिळायला ५४ होलची कार्डं लागतात. नऊचे सहा राउंड झाले तरी पुरे, फक्त रेटिंग असलेल्या कोर्सवरचे आणि सोबत खेळणाऱ्याची सही असलेले. म्हणजे ऑक्टोबरपासून लागलात तर वेळ आहे. जमलं तर एक दिवस आधी पोचा आणि फटके मारत बसण्यापेक्षा तिथल्या ग्रीनवर अर्धा तास पट घाला, कारण तिथला वेग आपल्या ग्रीनपेक्षा वेगळा असेल. पहिल्या टीवर हात थरथरले तर थरथरू देत. ड्रायव्हर बॅगेतच राहू द्या आणि ज्या क्लबने बॉल सरळ जाईल अशी खात्री आहे तो काढा, भले सात नंबरची आयर्न का असेना. स्पर्धा झाली की कार्डाचा फोटो मला पाठवा. स्कोअर काहीही असो, फुल्या आणि त्रिकोण कुठल्या होलवर पडलेत ते बघून पुढचं बोलू.